वाळीत टाकलेली बातमी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

६ जानेवारीला आमच्या तालुक्यात पत्रकार दिन होतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार, दोन-तीन भाषणं, शाल-नारळ, मग पुरीभाजी. यंदा पुरीभाजीच्या रांगेत एक पोरगा शेजारी येऊन उभा राहिला. वय बावीस-तेवीस. स्वतःचं यूट्यूब चॅनेल चालवतो, शिवाय एका दैनिकाला बातम्या पाठवतो. म्हणाला, "काका, आमच्या बाजूच्या गावात एका घराला वाळीत टाकलंय. देवळातल्या मानावरून सुरू झालं. बातमी करायची आहे, पण धर्माचा विषय आहे. हे असलं कुठे शिकवतात का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. पत्रकारितेच्या कोर्समध्ये बातमीचा मथळा कसा द्यायचा ते शिकवतात, कॅमेरा कसा धरायचा तेही शिकवतात. पण गावातल्या देवाचा, जातीचा आणि माणसाच्या हक्काचा गुंता एकाच बातमीत येतो तेव्हा काय करायचं, हे मलाही कुणी शिकवलं नव्हतं. न शिकता मी ते एकदा केलं आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी भरली. ते शेवटी सांगतो. आधी इतिहास, कारण या विषयाची शाळा आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपासून भरते आहे. फक्त तिला इमारत नाही.

ज्यांच्या तसबिरीला हार घालतो त्यांच्यापासूनच सुरुवात करू. 'दर्पण' निघालं ६ जानेवारी १८३२ ला. १८४० मध्ये ते बंद पडलं. त्यानंतर १८४३ मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण झालं. हा ब्राह्मणाचा लहान मुलगा. त्याचा थोरला भाऊ ख्रिस्ती झाला होता आणि हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. पण पुढे काय? तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता, म्हणजे 'बाटला'. बाळशास्त्रींनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून खटपट केली, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. एका पोराला आपल्या घरात परत घ्यायचं, एवढंच मागणं होतं, आणि मागणाऱ्यावरच बहिष्काराची वेळ आली. पत्रकार दिनाच्या भाषणात हा भाग कुणी सांगत नाही. सांगायला हवा.

आता दुसरा माणूस. 'दर्पण' निघालं त्याच वर्षी, १८३२ मध्ये, जन्मलेला. करसनदास मूळजी. मातृभाषा गुजराती, कर्मभूमी मुंबई. २०२४ मध्ये 'महाराज' नावाचा सिनेमा आला, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवर पाहिला असेल. त्या सिनेमावरही आधी गुजरात हायकोर्टाची स्थगिती आली आणि आठवडाभराने उठली. म्हणजे घटनेला दीडशेच्या वर वर्षं झाली तरी विषय गरम तो गरमच. सिनेमात नाच-गाणी असतात, म्हणून खरी हकिगत नीट सांगतो.

करसनदास कपोळ वाणी, घरचे वैष्णव. आई लहानपणी गेली, नातेवाइकांकडे वाढलेलं पोर. एल्फिन्स्टनमध्ये शिकला. विधवा विवाहाच्या बाजूने निबंध लिहिलेला घरात कळलं आणि त्याला घराबाहेर काढलं. म्हणजे पत्रकार व्हायच्या आधीच बहिष्काराचा पहिला धडा घरच्या उंबऱ्यावर मिळाला. १८५५ मध्ये त्याने 'सत्यप्रकाश' नावाचं साप्ताहिक काढलं.

त्या काळात मुंबईतल्या वल्लभ संप्रदायाच्या काही महाराजांबद्दल कुजबुज होती. भक्तांच्या लेकीसुनांचं शोषण होतं, असं लोक घराघरांत बोलत होते, पण चारचौघांत कुणी तोंड उघडत नव्हतं. खटल्याच्या दोन-तीन वर्षं आधी तर महाराजांच्या बाजूच्या मंडळींनी भक्तांकडून एका कागदावर सह्या घेतल्या होत्या. महाराजांना कोर्टात यावं लागू नये म्हणून प्रयत्न करायचे आणि त्यांच्याविरुद्ध लिहील त्याला जातीबाहेर काढायचं, असा त्याचा मतलब. करसनदासने त्या कागदाला नाव दिलं 'गुलामी खत'. तीन अक्षरी नि दोन अक्षरी, दोनच शब्द. चांगला पत्रकार कधी कधी नुसतं बरोबर नाव ठेवतो आणि अर्धं काम होतं.

२१ ऑक्टोबर १८६० ला 'सत्यप्रकाश'मध्ये लेख आला. मथळ्याचा अर्थ असा, की हिंदूंचा मूळ धर्म कोणता आणि हल्लीची पाखंडी मतं कोणती. त्यात जदुनाथजी महाराजांचं नाव घेऊन आरोप होते. मे १८६१ मध्ये महाराजांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावला. करसनदासवर, आणि छापखानावाला नानाभाई रुस्तमजी राणीना याच्यावरही. मागणी पन्नास हजार रुपयांची. त्या काळचे पन्नास हजार!

इथे थांबून एक गोष्ट बघा. आपण समजतो की असल्या खटल्यात मोठा प्रश्न पुराव्याचा असतो. पण पुरावा म्हणजे माणूस असतो. कुणीतरी उभं राहून "हो, मी पाहिलंय" म्हणावं लागतं. समोरच्यांना ते बरोबर कळलं होतं. भाटिया समाजाच्या पुढाऱ्यांनी सभा भरवली आणि ठरवलं, महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल तो जातीबाहेर. रोटीबेटी बंद. व्यापार करणाऱ्या माणसाला जातीबाहेर काढणं म्हणजे पेढी बुडवणं, लेकीचं लग्न मोडणं.

करसनदासने काय केलं? रडगाणं छापलं नाही. साक्षीदारांना धमकावण्याचा कट केला म्हणून त्या पुढाऱ्यांवरच फिर्याद ठोकली. डिसेंबर १८६१ मध्ये निकाल लागला. मुख्य दोघांना हजार-हजार रुपये दंड, बाकीच्यांना पाचशे-पाचशे. मुख्य खटला सुरू व्हायच्या आधीच साक्षीदारांच्या वाटेतला मोठा धोंडा हलवला गेला. या 'भाटिया कट खटल्या'बद्दल लोक फारसं बोलत नाहीत. माझ्या मते पत्रकारितेच्या पोरांना पहिला तास याचाच हवा. बातमी आधी की बोलणाऱ्याची सुरक्षा आधी? १८६१ मध्ये तिशीही न गाठलेल्या एका माणसाने उत्तर देऊन ठेवलंय.

२५ जानेवारी १८६२ ला मुख्य खटला उभा राहिला. कोर्टात पाय ठेवायला जागा नसे. न्यायाधीश दोन, सर मॅथ्यू सॉसे आणि सर जोसेफ अर्नोल्ड. करसनदासचे वकील ॲन्स्टी. भाटिया समाजातलेच लखमीदास खीमजी आणि मथुरादास लवजी साक्षीला उभे राहिले. आणि आपले डॉक्टर भाऊ दाजी लाड! भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे तेच. त्यांनी आणि डॉक्टर धीरजराम दलपतराम यांनी महाराजांवर गुप्तरोगासाठी उपचार केल्याची साक्ष दिली. भाऊ दाजी गोव्याच्या मांद्र्यात जन्मलेले मराठी माणूस. त्यांना या भानगडीत पडायची काही गरज नव्हती. पण प्रश्न खरं-खोट्याचा आला तेव्हा ते कोर्टात गेले.

२२ एप्रिल १८६२ ला निकाल लागला. मुख्य मुद्द्यावर, म्हणजे छापलं ते खरं आहे या मुद्द्यावर, करसनदास जिंकला. खर्चापोटी ११,५०० रुपये त्याला मिळाले. त्याचा खर्च त्याहून जास्त झाला होता, म्हणजे जिंकूनही खिशाला खार लागलाच. अर्नोल्डसाहेबाच्या निकालातला मुद्दा आजही कामाचा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आमच्यापुढे धर्मशास्त्राचा प्रश्न नाही, नीतीचा आहे. जे नीतीने वाईट ते धर्माचं नाव दिल्याने चांगलं होत नाही.

आता इथपर्यंत ऐकून टाळ्या वाजवायचा मोह होतो. पण या खटल्यातल्या दोन उणिवाही शिकण्यासारख्या आहेत, आणि आमची पिढी नेमकी त्याच चुका करत आली.

पहिली उणीव. करसनदासच्या लेखाचे दोन भाग होते. एक भाग म्हणे, तुमचा पंथ हा खरा धर्मच नाही, जुना वेदांचा धर्म तेवढा खरा. दुसरा भाग म्हणे, अमुक माणूस अमुक करतो. यातला पहिला भाग पत्रकाराच्या हातात कधीच टिकत नाही. खरा धर्म कुठला, कुठला पंथ मूळचा आणि कुठला मागाहून आलेला, हे ठरवायला बसलात की तुम्ही वार्ताहर राहत नाही, प्रतिस्पर्धी बुवा होता. शिवाय ज्यांनी काही वाईट केलं नाही अशा हजारो साध्या भक्तांनाही आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. पुष्टिमार्गात चारशे-पाचशे वर्षांची कविता आहे, संगीत आहे, भक्ती आहे. एका महाराजाच्या वागण्याने ती खोटी ठरत नाही. कोर्टात तारून नेलं ते दुसऱ्या भागाने: अमुक माणूस, अमुक कृत्य, अमुक साक्षीदार.

दुसरी उणीव जास्त टोचते. हा सगळा खटला ज्यांच्यासाठी, त्या बायका कुठे होत्या? साक्षीदार पुरुष. वकील पुरुष. न्यायाधीश, वार्ताहर, प्रेक्षक सगळे पुरुष. ज्यांच्या देहाबद्दल आठवडेच्या आठवडे चर्चा झाली त्यांचं म्हणणं त्या कागदांत जवळपास नाहीच. एकोणिसाव्या शतकात त्यांना कोर्टात आणणं सोपं नव्हतं, मान्य. पण त्यांना काय हवं होतं, कशाची भीती होती, हे कुणी विचारलं असेल का? आज आपण अत्याचाराची बातमी करतो तेव्हाही बाप बोलतो, भाऊ बोलतो, सरपंच बोलतो, मोर्चावाले बोलतात. ती बोलत नाही. पीडितेची ओळख छापायची नाही हा कायदा आहे आणि तो बरोबरच आहे. पण ओळख लपवणं वेगळं आणि तिचं म्हणणंच न ऐकणं वेगळं.

करसनदासचं पुढे काय झालं? १८६३ मध्ये तो विलायतेला जाऊन आला. समुद्र ओलांडला म्हणून जातीने पुन्हा बाहेर काढला. १८७१ मध्ये, चाळिशी गाठायच्या आत, गेला. कोर्टात जिंकला, पण जातीत परत कधीच गेला नाही.

इथून आपण कोकणात येऊ. करसनदासला जातीने बाहेर काढलं होतं. पण जी माणसं जन्मतःच बाहेर ठेवलेली होती, त्यांची बातमी कोण करणार होतं?

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढलं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पाक्षिकाचं नावच सांगतं की अडचण काय होती. आमच्याबद्दल बोलणारे पुष्कळ, आम्हाला बोलायला जागा नाही. करसनदासच्या खटल्यातली जी दुसरी उणीव, तिला 'मूकनायक' हे उत्तर होतं. ज्याचं दुखतं त्याच्याच हातात लेखणी.

मग महाड. हा भाग आपल्याला पाठ असतो, म्हणून तो वार्ताहराच्या नजरेने पुन्हा वाचू. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क आला होता. तळ्यावर मात्र कुणी गेलं नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब परिषदेच्या लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. कुठे मारामारी नाही, घोषणांचा गोंधळ नाही.

त्यानंतर दंगा कशाने झाला? अफवेने. 'हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी आवई गावात उठवली गेली. देवळात जायचा कार्यक्रम नव्हताच. पण लाठ्या निघाल्या. परतणाऱ्या, जेवणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. पाठोपाठ तळं 'शुद्ध' केलं, शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून.

आज व्हॉट्सॲपवर 'आपल्या देवळाला धोका' असा मेसेज फिरतो, तेव्हा मला वीरेश्वराची ती आवई आठवते. शंभर वर्षांत फोन बदलला, वाक्य तेच राहिलं. अशा दिवशी वार्ताहराचं काम अगदी साधं असतं. देवळात कुणी गेलं होतं का? पुजाऱ्याने पाहिलं का? पहिल्यांदा हे कुणी सांगितलं, किती वाजता? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत मोबाइल खिशात ठेवायचा. बातमी तासभर उशिरा गेली तर काही जात नाही. लवकर गेली तर कुणाचं डोकं फुटतं.

महाडनंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ ला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. नावातच बहिष्कार! बहुतेक मजकूर बाबासाहेब स्वतः लिहायचे. मुंबईतल्या बड्या पत्रांत महाडवर ज्याला जे वाटेल ते छापून येत होतं. त्या वेळी आपल्या बाजूची हकिगत तारीखवार, ठरावाचा दाखला देऊन लोकांपुढे ठेवायची होती. त्याच डिसेंबरात सनातनी मंडळींनी कोर्टातून तळ्यावर तात्पुरती मनाई आणली. सत्याग्रहाला हजारो लोक जमले होते, तरी मनाईचा मान राखून तळ्यावर जायचं थांबवलं गेलं. प्रकरण कोर्टात दहा वर्षं चाललं. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. समोरच्यांचा दावा होता की ही बंदी अनादी काळापासूनची रूढी आहे. तो त्यांना सिद्ध करता आला नाही.

हे लक्षात ठेवा. 'आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे' हे वाक्य गावोगाव ऐकायला मिळतं. ते वाक्य बातमीत अवतरणात लिहायचं, आपलं म्हणून लिहायचं नाही. आणि पुढचा प्रश्न विचारायचा, पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? नव्वद टक्के वेळा समोरचा आजोबांपर्यंत जाऊन थांबतो.

१९२७ सालात आणखी एक गोष्ट घडली आणि तिचा प्रत्येक वार्ताहराशी संबंध आहे. लाहोरला एका पुस्तकाच्या प्रकाशकावर खटला झाला होता, पैगंबरांबद्दलच्या मजकुरावरून. हायकोर्टात तो सुटला, मोठा क्षोभ झाला आणि त्यानंतर सरकारने दंडविधानात कलम २९५-अ घातलं. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम २९९ आहे. पोरं या कलमाला इतकी घाबरतात की धर्म म्हटलं की बातमीच टाकून देतात. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम वैध ठरवताना स्पष्ट केलं होतं की धर्माचा कुठलाही, कसलाही अपमान यात येत नाही. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला अपमान येतो. म्हणून हेतू स्वच्छ ठेवा, भाषा स्वच्छ ठेवा आणि टिपणवही जपून ठेवा. कुणाच्या देवाला शिवी न देता त्याच्या ट्रस्टचा हिशेब विचारता येतो.

आता बहिष्काराचा धागा पुढे ओढतो, कारण पोराचा प्रश्न तिथलाच होता.

महाडनंतर गावागावांत जे झालं त्याला आपल्याकडे जुनं नाव आहे, वाळीत टाकणं. दुकानदाराने माल द्यायचा नाही, मजुरी बंद, वाट बंद, पाणी बंद. १९३० चा स्टार्ट समितीचा अहवाल, ज्या समितीवर बाबासाहेबही होते, या शस्त्राचं वर्णन करतो. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी मागणी केली की सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा. काठीच्या माराचा पंचनामा होतो. दळण न देण्याचा पंचनामा कसा करणार? म्हणून त्यांना कायदा हवा होता.

१९४९ मध्ये मुंबई राज्याने बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू त्याविरुद्ध कोर्टात गेले. १९६२ मध्ये, करसनदासच्या निकालानंतर बरोबर शंभर वर्षांनी, सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी तो कायदा रद्द केला. बहुमताचं म्हणणं होतं की पंथाची शिस्त राखणं हा धर्मस्वातंत्र्याचा भाग. वेगळं मत देणारे होते सरन्यायाधीश सिन्हा. माणसाला समाजातून उठवणं म्हणजे त्याला अस्पृश्य करणंच, अशा अर्थाचा त्यांचा विचार होता. २०२३ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे सोपवला गेला आहे. यात दोन्ही बाजूंना खरा हक्क आहे, हे विसरू नका. श्रद्धाळूंच्या समूहालाही आपलं घर आपल्या पद्धतीने चालवायचा हक्क आहे. त्या घरातल्या एकट्या माणसालाही हक्क आहे. वार्ताहराने यातला एक हक्क आधीच निकालात काढून जायचं नाही. पण एकट्या माणसाकडे पत्रक काढायला कार्यालय नसतं, म्हणून त्याच्याकडे आपल्याला चालत जावं लागतं.

मधल्या काळात आपल्याकडे जातपंचायतींचे निवाडे एकामागून एक बाहेर येऊ लागले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ते उचलून धरलं. तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर 'साधना' साप्ताहिकाचे संपादकही होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. काम थांबलं नाही. २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा केला, २०१७ मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बाबासाहेबांनी मागितल्यावर साधारण पंचाऐंशी वर्षांनी.

आता माझी गोष्ट.

हा कायदा यायच्या कितीतरी आधीची. मी नवा होतो. एका गावात एका घराला वाळीत टाकल्याचं कळलं. पालखीच्या वर्गणीवरून वाद. एसटीने गेलो, त्या घरात चहा प्यायलो, घरातली बाई घडाघडा बोलली. मी तिचं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, दारात उभं करून फोटो काढला. पंचांकडे गेलो नाही. शेवटची गाडी चुकली असती. गावच्या गिरणीवाल्याला, दुकानदाराला काही विचारलं नाही. बातमी पहिल्या पानावर आली. मथळ्यात गावाला रानटी म्हटलं होतं. मला फार भारी वाटलं.

आधी त्या घराशी बोलत नव्हती ती गावातली निम्मी माणसं होती. मथळ्यानंतर सगळं गाव एक झालं. चोरून दूध देणारी एक म्हातारी होती, तीही बंद झाली. कुटुंबाने वर्षाच्या आत गाव सोडलं. पंच म्हणाले, आम्हाला कुणी विचारलंच नाही, आणि त्यात ते खोटं बोलत नव्हते.

सात-आठ वर्षांनी ती बाई पनवेलच्या स्टँडवर भेटली. तिनेच ओळखलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, बातमी छापलीत. पण मग परत आलातच नाही."

मला आजवर बरेच सत्कार मिळाले. एकही या वाक्याइतका लक्षात राहिला नाही.

त्या पोराला मी हे सगळं सांगितलं. मग म्हणालो, गावात जाशील तेव्हा पाच ठिकाणी जा. गिरणी, नळ, दुकान, लग्नघर आणि स्मशान. दळण कुणी नाकारलं, पाणी कुणी अडवलं, उधारी कधी बंद झाली, शेवटच्या लग्नाचं आवतण होतं का, शेवटच्या मयताला खांदा कुणी दिला. बहिष्कार या पाच जागी दिसतो. देव खरा की मान कुणाचा, यात पडू नकोस. पंचांना भेट, त्यांचं पूर्ण ऐक, त्यांच्याच शब्दांत लिही. त्या घरातल्या बाईशी वेगळं बोल, घरातल्या पुरुषांसमोर नको. नाव छापायचं का हे तिला विचार, आणि छापल्यावर काय होऊ शकतं ते न लपवता सांग. कायद्याचा आधार आहे हे तिला माहीत आहे का बघ. बातमीची भाषा अशी ठेव की गावातल्या शहाण्या माणसाला बाजू बदलायला जागा राहील. आणि छापून आल्यावर पंधरा दिवसांनी परत जा. महिन्याने परत जा.

तो गप्प ऐकत होता. मग विचारलं, "काका, एवढं केल्यावर व्ह्यूज येतील का?"

मी म्हटलं, नाही येणार बहुतेक.

परवा त्याचा फोन आला. तीन वेळा जाऊन आलाय. गिरणीवाला बोलला, एक पंचही बोलला. बाई म्हणाली, अजून थोडं थांब, मुलीची दहावीची परीक्षा होऊ दे. म्हणून त्याने बातमी अजून लावलेली नाही. त्याच्या शेजारच्या चॅनेलवाल्याने अर्धवट माहितीवर व्हिडिओ टाकला तर हातची बातमी जाईल, याची त्याला धास्ती आहे.

मी त्याला म्हटलं, जाऊ दे गेली तर. परीक्षा होऊ दे.